सात जातींचे सात सोनमासे

विषय : राजवाड्यातील काचेच्या हौदासाठी सोनमाशांची निवड.
संदर्भ : महाराजांची तोंडी आज्ञा.

उपरोक्त विषयाची हकीकत अशी, की फार पूर्वी, राज्ये लहान आणि दप्तरे मोठी होती त्या काळी, एका राजाने दरबारात काचेचा हौद बसवला. त्यात सोडायचे मासे निवडण्याचे काम दप्तरदाराकडे आले. दप्तरदाराला माशांतले काही कळत नव्हते. पण त्याला यादी करता येत होती, आणि राज्यकारभारात तेवढे पुरत असे.

एक म्हातारी मासेवाली सात घडे घेऊन आली. प्रत्येक घड्यात सोनमाशांची वेगळी जात. एकाला दुहेरी शेपूट, नेसत्या लुगड्याच्या घोळासारखी. एकाच्या डोक्यावर मांसल टोपी, डोळ्यांवर उतरलेली. एक काळाकुट्ट, डोळे खोबणीबाहेर आलेले. एक नुसताच लांबट, तांबूस आणि चपळ. बाकीचे तिघे लाडवासारखे वाटोळे, रंगाने निरनिराळे.

"प्रत्येक जातीचा एकेक दे," दप्तरदार म्हणाला.

"असं नका करू, दादा," म्हातारी म्हणाली. "हा लांबट बाणासारखा पळतो. काळ्याचे डोळे मोठे, पण दिसतं कमी. टोपीवाल्याला तर समोरचंही दिसत नाही. यांना एका पंगतीला बसवलंत, तर एक जेवेल आणि बाकीचे पान बघत राहतील. डुलणारे घ्या, नाहीतर पळणारे घ्या."

"आणि अमुक जात का गाळली असं उद्या कोणी विचारलं, तर?"

"मासे कशाला विचारतील?"

"मासे नाही विचारत, बाई. दरबार विचारतो."

सात जाती, सात मासे. यादीत एकही जागा रिकामी राहिली नाही. दरबाराने वाहवा केली आणि दप्तरदाराला राजाच्या उजव्या हाताला बसायला जागा मिळाली.

राजा रोज सकाळी स्वतः चिमूटभर दाणे टाकी. डुलणारे मासे वळून तोंड वर करीपर्यंत लांबट मासा सगळे फस्त करून दुसऱ्या टोकाला गेलेला असे. महिन्याभरात तो काकडीएवढा झाला आणि टोपीवाला पोट वर करून तरंगला. दप्तरदाराने त्याच्या नावापुढे कारण लिहिले : वयोमान. मासा आठ महिन्यांचा होता.

हौदाचे पाणी बदलायला म्हातारी आठवड्याला येई. ती म्हणाली, "आता काळ्याची पाळी. डुलणाऱ्यांना वेगळा हौद द्या."

"अर्ज कर."

"मला कुठं लिहिता येतं? तुम्हीच लिहा."

दप्तरदार लिहायला बसला. मजकूर झरझर उतरला, पण कारणाच्या रकान्यात लेखणी अडली. खरे कारण लिहावे, तर निवड चुकली म्हणावे लागणार. त्याने लिहिले : पाण्याचा दोष. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला आणि नवे पाणी आले. हौद आला नाही. पुढच्या अर्जात त्याने उजेडाचा दोष लिहिला. तोही मंजूर झाला आणि रेशमी पडदा आला. दुहेरी शेपटीचा मासा त्या पडद्याआड मेला.

एका सकाळी, राजा दाणे टाकून गेल्यावर, दप्तरदार हौदापाशी उभा राहिला. काळा मासा सावकाश वर आला. दाणे केव्हाच संपले होते. ते जिथे पडले होते, तिथल्या रिकाम्या पाण्यात तो तोंड उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता.

दप्तरदाराने बाही वर केली. बोटाच्या टोकावर एक दाणा घेऊन त्याने तो माशाच्या तोंडापाशी नेला. दोनदा मासा चुकला. तिसऱ्यांदा त्याचे तोंड बोटाला लागले. दप्तरदार बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला.

मग त्याने तिसरा अर्ज लिहिला. कारण : निवड चुकली. निवड मी केली होती.

राजाने अर्ज वाचला. "दप्तरदार, तुम्हाला कोणी विचारलं होतं का?"

"नाही, महाराज."

"मग लिहिलंत कशाला?"

"महाराज, मासा उपाशी आहे."

राजाने मान हलवली आणि अर्ज मंत्र्यांकडे दिला. मंत्र्यांनी मागचा दाखला शोधायला सांगितला. असे कारण याआधी कोणी लिहिले नसल्यामुळे दाखला सापडेना. दप्तरदाराची जागा मात्र तातडीने राजाच्या उजव्या हाताकडून दाराजवळ गेली. तिथे त्याने स्वखर्चाने एक दगडी कुंडी आणून ठेवली आणि उरलेले डुलणारे मासे तीत सोडले. ते आता पोटभर जेवतात. काळा अजून दोनदा चुकतो, पण तिथे कोणाला घाई नसते.

तात्पर्य : एकत्र ठेवायला निवडताना कोण कोणाबरोबर पोटभर जेवू शकेल हे आधी पाहावे, यादीत जागा रिकामी राहते का हे नंतर.

दुसऱ्या हौदाचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे.