कडेची काडी

ही गोष्ट बाहेर सांगू नकोस, असं हेममावशीनं मला बजावलं आहे. म्हणून मुलाचं नाव तेवढं बदललं आहे.

“तर मग यंत्र खोटं बोलतं?” मावशीनं विचारलं.

“बोलतंच, मॅडम,” सुश्रुत म्हणाला. “जाळी तीच, प्लास्टिक तेच. लहान तुकडा, मधला, मोठा, तिन्ही यंत्रात दाबून पाहिले. आकाराचा हिशेब धरला तरी ताठपणाचे तीन आकडे तीन तऱ्हांचे! आणि सगळे माझ्या मॉडेलपेक्षा कमी.”

सुश्रुत मावशीच्या हाताखाली पीएचडी करतो. वस्तू भरीव न ठेवता आतून बारीक काड्यांची जाळी केली, की ती हलकी होते. पण दाबाखाली ती कितपत ताठ राहील, हे बनवण्याआधीच संगणकावरच्या गणितानं, म्हणजे मॉडेलनं, काढायचं, हे त्याचं काम. उद्या समिती बसणार होती. मॉडेल चुकीचं ठरलं तर सगळं पहिल्यापासून.

“आणि मॉडेलच चुकलं असेल तर?”

“माझं? मॅडम, अख्खा विभाग मला विचारून मॉडेल बनवतो.”

“हो का! मग आता मीही तुझ्याकडेच पीएचडीला नाव घालते.”

सुश्रुतचे कान लाल झाले.

मावशीनं सगळ्यांत लहान तुकडा उचलला. आतल्या एका काडीवर पेन्सिलीचं टोक टेकवलं.

“हिची शेजारीण कोण?”

“ही पलीकडची. दोघी एकमेकींना धरून आहेत.”

“आणि हिची?”

“ती.”

पेन्सिल सरकत सरकत अगदी बाहेरच्या काडीवर आली.

“हिची?”

सुश्रुत बघतच राहिला. ती काडी अर्ध्यात तोडल्यासारखी हवेत लोंबत होती. मावशीनं ती नखानं ढकलली. निमूट वाकली.

“...कुणी नाही.”

“तुझ्या संगणकात?”

“संगणकात मी जाळीचं एकच घर घेतो. त्याला सांगतो, सगळ्या बाजूंना असंच घर आहे, त्याच्या पुढेही असंच... संपतच नाही. सगळे असंच करतात, मॅडम.” त्याचा आवाज खाली गेला. “तिथे प्रत्येकीला शेजारीण आहे.”

...

“म्हणजे माझं गणित चुकलं.”

“गणित बरोबर आहे.”

“मग यंत्र?”

“तेही बरोबर आहे.”

तिन्ही तुकडे मावशीनं टेबलावर ओळीनं मांडले. लहान, मधला, मोठा. आणि चहा प्यायला लागली.

सुश्रुत ओळीकडे पाहत होता. मग एकदम उठला.

“मोठ्या तुकड्यात कडेच्या काड्या आतल्यांच्या मानानं कमी! म्हणून त्याचा आकडा सगळ्यांत वर. मॉडेलच्या जवळ! अजून मोठा केला तर...”

“अजून जवळ येईल.”

छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा तो मटकन खाली बसला आणि हसत सुटला. किती तरी दिवसांनी.

“पण मॅडम, समितीनं विचारलं, इतके दिवस हे दिसलं कसं नाही, तर काय सांगू?”

मावशीनं कप खाली ठेवला.

“सांग, मी मधोमध बसलो होतो. तिथून कडेची काडी दिसत नाही.”

याचा अर्थ मी मावशीला विचारला, तेव्हा ती म्हणाली, की... थांबा, आई हाक मारतेय. आले, आई!