घोंगड्याची चार टोकं

“घेतीस का अंगावर आक्काचं घोंगडं? का फाटली?”

मैत्रीण इंद्रीनं असं विचारलं आणि हौशीचं डोकं फिरलं. नववीत दोनदा गचकलेली पोरगी, पण पैज म्हटली की मागं सरायची नाही.

“घोंगडं तर घोंगडं. त्यात काय वाघ बसलाय?”

टेकडीवरच्या मठात आक्का दर अमावास्येला अंधाऱ्या खोलीत बसायची, डोक्यावरून घोंगडं ओढून. तोंड दिसायचं नाही. माणसं आत यायची, दुखणं सांगायची. घोंगड्यातून दोन शब्द यायचे. तेवढ्यावर लोक ठरलेली सोयरीक मोडायचे. आणि ते घोंगडं कधी जमिनीला टेकू द्यायचं नाही, असा मठाचा दंडक.

हौशी आक्काची चेली. झाडलोट तिची, दिवाबत्ती तिची. आक्काच्या आवाजाची नक्कलही तिचीच. हुबेहूब.

आज अमावास्या. दुपारी आक्का आडावर आंघोळीला गेली आणि हौशी घोंगड्यात शिरली. इंद्री खिडकीमागं, तोंडात ओढणी कोंबून.

पहिला एक म्हातारा आला.

“विडी सोड,” घोंगडं म्हणालं.

म्हातारा डोळे पुसत बाहेर गेला. लई मजा आली.

मग हिराबाई आली, सुनेला धरून. सून वैजंता, आठवा सरत आलेला. सकाळी गोठ्यात पाय घसरून पालथी पडली होती.

“आक्का, पडल्यापास्नं हिचं पोट दुखतंय. डागबी दिसलाय, पर एवढुसाच. बघा की हात लावून.”

वैजंतानंच घोंगड्याखालचा हात ओढला आणि पोटावर ठेवला.

पोट कसलं... लाकडाचा पाट. हौशीनं आजवर असलं पोट चाचपलं नव्हतं. तिला वाटलं, दिवस भरत आलेल्या सगळ्याच बायकांचं असं असेल.

“ओवा घे. पडून ऱ्हा. थांबंल.”

दोघी पाया पडून गेल्या. पैज जिंकली. हौशी मागच्या दारानं पसार.

आक्का आडावरनं आली, तर मठाच्या ओसरीवरच वैजंता आडवी. पुढं चालवेना. आक्कानं काही विचारलं नाही. शेजारी बसली, पोटावर तळवा ठेवला, डोळे मिटले.

ओसरीवरची माणसं जवळ सरकली. आक्काचा हात हलेना.

“बाळ फिरतंय का गं?”

“सकाळपास्नं... न्हाई.”

हौशी खांबाआड उभी राहून बघत होती. आक्कानं तिला बोटानं बोलावलं. तिचा हात धरून त्याच पोटावर ठेवला.

“थांब जरा. सैल पडतंय का सांग.”

हौशी थांबली. बराच वेळ.

“न्हाई पडत.”

“बाळंतपणाची कळ येती आन् जाती. मधी पोट मऊ पडतं.” आक्का उठली. “ही जात न्हाई. मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या हिला. आत्ता.”

हिराबाई आडवी आली. “आवो, आत्ताच तर तुमी म्हणाला! ओवा घे, पडून ऱ्हा. मी स्वतःच्या कानानं ऐकलंय. आन् रगात तरी कुठं? बोटभरबी न्हाई!”

आक्काच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं.

हौशीनं पोटावरचा हात मागं घेतला. आता झाडती ही मला, सगळ्या गावापुढं झाडती...

आक्कानं तिच्याकडं बघितलं. एकदाच.

“चुकलं माझं,” आक्का म्हणाली.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. “आक्का चुकली म्हणं!”

“चुकली. बाहेर बोटभर दिसतंय. आत किती सांडलंय ते कुणी बघितलंय? उठा!”

आक्का खोलीत गेली आणि घोंगडं घेऊन आली. झटकलं. ओसरीच्या जमिनीवर अंथरलं.

बायकांनी तोंडावर हात नेले. म्हाताऱ्याची विडी गळून पडली.

“डाव्या कुशीवर घ्या तिला. असं. आता चार टोकं धरा. हौशे, एक तुझं.”

“घोटभर पाणी तरी पाजते,” हिराबाई म्हणाली.

“थेंब न्हाई. पोट उघडायला लागंल, भूल देतील.”

“खालचा दवाखाना जवळ हाय,” दर्शनाला आलेला जीपवाला म्हणाला.

“तिथं रक्त मिळत न्हाई. मोठ्या दवाखान्यात फोन लाव. सांग, दिवस गेलेली बाई पडलीया, पोट लाकूड झालंय, रक्त तयार ठेवा.”

टेकडीच्या पायऱ्या जीपकडं उतरताना हौशीच्या हातातलं टोक ओलं झालं. कोमट. तिनं खाली बघितलं. काळपट लाल. तिच्या हाताला रग लागली, पण टोक सोडायचं तिच्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि आधी भिंतीला टेकल्या.

“वार बाळाच्या आधीच सुटली होती. सगळं रक्त आतच साठलेलं. आणखी पडून राहिली असती तर दोघंही हाती लागली नसती. आई वाचलीय. पोरगी फार बारीक आहे, पण रडली.”

हौशीनं दारातून बघितलं. काचेच्या पेटीत मुठीएवढं तोंड. नळ्याच नळ्या. आणि त्यात एक छाती, चिमणीच्या पोटासारखी, खाली... वर... खाली...

ती खाली गेली की हौशीचा श्वास अडकायचा. वर आली की सुटायचा.

बाकावर हिराबाई आक्काशेजारी टेकली होती. “तारलंत आक्का. पर एक सांगा, तुमी चुकलाच कशा?”

आक्कानं हौशीकडं बघितलंसुद्धा नाही.

हौशीला गावातल्या सगळ्यांचे आवाज काढता यायचे. आज स्वतःचा काढायला गेली, तर फुटेचना.

“आक्का नव्हती ती,” कसंबसं बाहेर आलं. “मी होते घोंगड्यात. पैज लावून.”

हिराबाईचा हात वर गेला. तसाच राहिला. मग तिनं पदरात तोंड खुपसलं आणि हुंदके देऊ लागली.

हौशी आक्कापुढं खाली बसली.

“तुला ठाऊक होतं.”

आक्कानं मान हलवली.

“मग तिथंच माझ्या झिंज्या का न्हाई धरल्यास?”

आक्कानं दोन्ही तळवे तिच्यापुढं उघडले. रेषांमधलं रक्त वाळून काळं झालं होतं.

“हात दोनच होते गं.”