पिवळ्या फडक्याची दवंडी

फार पूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात सटवाजी नावाचा दवंडीवाला राहत होता. हलगी अशी वाजवायचा की झोपलेली म्हैस उठून उभी राहावी. त्या हलगीचा त्याला भारी तोरा.

गावाची एक रीत होती. उन्हाळा सरताना तळं आटलं की तिथली चिकणमाती काढायला एकच दिवस मिळायचा. भिंती लिंपायला, चुली घालायला सगळ्यांनाच ती लागे. तो दिवस सटवाजीच तळं बघून ठरवायचा आणि त्याच सकाळी दवंडी द्यायचा. ऊन डोक्यावर आलं की तळं बंद. मग वर्षभर तिथं कुणी कुदळ लावायची नाही.

कुंभारआळीत कोंडाबाई एकटीच राहायची. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. नवऱ्यामागं चाक तीच चालवायची, आणि हाताला गुण असा की तिच्या माठातलं पाणी दुपारीही गार. पण नवरा गेल्यापासून सलग तीन वर्षं तिचा मातीचा दिवस हुकला होता. शेजारी कुदळी घेऊन पळत सुटायचे. ज्याला त्याला वाटे, दुसऱ्या कुणीतरी तिला सांगितलं असेल. आणि आपला सटवाजी? तो तिच्या दारात उभा राहून हलगी आणखी जोरात बडवायचा आणि स्वतःवरच खूश होऊन पुढं जायचा. आत कोंडाबाई दाराकडं पाठ करून चाकावर बसलेली असायची.

ओढ्याकाठच्या रेताड मातीवर तिनं तीन वर्षं कशीबशी काढली. चौथ्या वर्षी भट्टीतले सगळेच माठ तडकले. आता आणखी एक दिवस हुकला की चाक कायमचं थांबणार होतं. एक फुटका माठ घेऊन ती चावडीवर आली. तिनं सटवाजीच्या हलगीला बोट लावलं, मग आपल्या कानाला, आणि मान हलवली.

पाटील म्हणाले, "दवंडी झाली होती ना? मग गावाचं काम झालं."

सटवाजीनंही मान डोलावली खरी, पण घरी त्याला घास गोड लागेना. बायकोनं विचारलं, तसं त्यानं सगळं सांगितलं.

"अहो, तुम्ही दवंडी देता ती वाजवायला की पोचवायला?" ती म्हणाली.

सटवाजीला फार लाज वाटली. उठला तो थेट कोंडाबाईच्या दारी गेला. हलगी खाली ठेवली, हात जोडले आणि खुणेनंच विचारलं, मी काय करू? तिनं थोडा विचार केला. मग आतून हळदीत रंगवलेलं एक जुनं लुगडं आणलं, लांब बांबूला बांधलं आणि टेकडीकडं बोट दाखवलं.

पाटलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एका बाईसाठी गावाची रीत बदलायची? लोक हसतील."

"हसू देत. हलगी वाजवीनच, पण फडकंही लावीन," सटवाजी म्हणाला. "नको असेल, तर दवंडीला दुसरा माणूस बघा."

दुसरा माणूस होता कुठं? पाटलांना मान डोलवावीच लागली.

फडकं दिसलं की मातीचा दिवस, ही गोष्ट तोवर पार माळापर्यंत पसरली होती. त्या दिवशी उजाडताच टेकडीवर पिवळं फडकं फडफडलं. सगळ्यांच्या आधी तळ्यावर कोंडाबाई हजर. तिच्यामागून पलीकडच्या माळावरचे धनगर आले. त्यांच्यापर्यंत हलगी कधी पोचलीच नव्हती. लांबच्या मळ्यातल्या बाया आल्या. कान मंदावलेले चार म्हातारे आले. सटवाजी बघतच राहिला. इतकी वर्षं आपण कुणाकुणाला वगळत होतो, हे त्याला आज कळलं.

शेवटी काठी टेकत पाटील आले. सटवाजीजवळ येऊन हळूच म्हणाले, "फडकं दिसलं म्हणून आलो रे. दोन वर्षं झाली, तुझी हलगी मला नीट ऐकू येत नाही. सांगायची लाज वाटत होती."

सटवाजीनं त्यांचा हात धरला आणि त्यांना कोंडाबाईशेजारी नेऊन बसवलं. तिनं आपल्या टोपलीतला मऊ मातीचा एक गोळा त्यांच्यापुढं ठेवला आणि हसली. त्या वर्षी तिचा एकही माठ तडकला नाही. आणि टेकडीवरचा बांबू पुढं कुणी कधी उतरवला नाही.

तात्पर्य: आपण हाक दिली एवढ्यानं भागत नाही. जिच्यापर्यंत ती पोचली नाही, तिलाच विचारावं की कशी पोचेल. तिच्यासाठी केलेली वाट पुढं सगळ्यांच्याच उपयोगी पडते.