हौदाच्या काठावर

"पण वस्ताद, दिग्या मातीत उतरला. मग ऋतू का नाही?"

हिंदुराव वस्ताद कुस्तीच्या हौदाच्या कडेला बसून मातीतले खडे वेचत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी पुन्हा विचारलं. दोघांच्या गुडघ्याचं लिगामेंट एकाच हंगामात तुटलं. ऑपरेशन एकाच डॉक्टरांनी केलं. दिग्या आता कुस्त्या मारतो. माझी बहीण तालमीच्या दारापर्यंत येते, चप्पल काढते आणि तिथंच थांबते.

"डाक्टर काय म्हनला?"

"बायकांच्या पायात ताकद भरायला कधी कधी जास्त वेळ लागतो, म्हणाले. गुडघा परत जाईल ही भीतीही लवकर सुटत नाही. घाई करू नका, म्हणाले."

"मग बरोबर हाय की त्येचं."

"रविवारी निवड चाचणी आहे, वस्ताद. तिनं जावं ही दादाची इच्छा होती. एकदा ढकला तिला मातीत. पडली की भीती जाईल."

"आनि गुडघा गेला मंजे?"

मी मागे वळलो. दारात ऋतू उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं.

"दिग्याचा पाय कोन चोळत हुतं?"

"तौफिक."

आमच्या तालमीची रीतच आहे. ज्याच्या पकडीत मोडलं, त्यानंच चोळायचं. तेही हौदात बसून. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून तौफिक रोज यायचा. दिग्या त्याला शिव्या घालायचा. तौफिक म्हणायचा, "घाल, पण पाय हलवू नको, म्हशीच्या."

"आनि हिचा?"

ऋतूचा गुडघा सरावात गेला. आमच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या पकडीत. पुढं दादाच तिचा पाय चोळायचा. ती मातीत बसायची, त्याच्या दंडावर गुद्दे मारायची. गेल्या महिन्यात दादा डेंग्यूनं गेला. तेव्हापासून ती दाराच्या आत आलेली नाही.

"मी चोळतो," मी म्हणालो. "मीही भाऊच आहे तिचा."

वस्ताद खडे वेचत राहिले.

मला राग आला. "बायकांचं हे असंच, वस्ताद. धरून बसतात. गडी असता तर कधीच उभा राहिला असता."

ऋतूनं मान खाली घातली.

वस्तादांनी तेलाची वाटी माझ्या हातात दिली. हौदाकडे बोट केलं.

"उतर."

मी काठावर आलो. महिनाभरानं. माती नुकती खणलेली होती. तीत कालवलेलं तेल, ताक, हळद... दादाच्या अंगाला हाच वास असायचा. घरी आला की आई त्याला न्हाणीतच कोंडायची.

मी पाय उचलला.

पाय खाली जाईना.

"उतर की."

"उतरतो..."

वाटी हलली. तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पाय मागे घेतला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच.

मागे पावलं वाजली. ऋतू लंगडत आत आली होती. तिनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि शेजारी उभी राहिली. दोघंही मातीकडे बघत राहिलो.

वस्तादांनी एक खडा उचलून बाहेर टाकला.

"रनज्या," ते हळूच म्हणाले, "तुज्या गुडघ्याचं आपरेशन कवा झालं रं?"