यिन मागे, यांग पुढे

आमच्या गिर्यारोहण क्लबचे अध्यक्ष खर्डेकर सर गळ्यात काळ्या-पांढऱ्या वर्तुळाचं लॉकेट घालतात आणि येताजाता चिनी तत्त्वज्ञान ऐकवतात. "यांग म्हणजे पुरुष, म्हणजे ऊन, तो पुढे. यिन म्हणजे बाई, म्हणजे सावली, ती मागे."

या नियमामुळे आम्हा मुलींतली शाल्मली एकच डोंगर अकरा वेळा सगळ्यांच्या मागून चढली होती. क्लबात एकदा तरी पुढे राहून तुकडी खाली आणल्याशिवाय नेत्याचा बिल्ला मिळत नाही.

बाराव्या खेपेला माथ्यावर जेवणं झाली आणि ती सरळ म्हणाली, "सर, उतरताना मी पुढे."



"अगं, तू यिन ना?" सर हसले.

"सर, यिन-यांग म्हणजे मुळात बाई-पुरुष नव्हेच. एकाच डोंगराची सावलीतली बाजू यिन, उन्हातली यांग. सकाळी आपण उन्हातून चढलो. आता त्याच वाटेवर काय आहे, बघा."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. दुपार कलली होती आणि अख्खी वाट गार सावलीत होती.

"चढण यांगची होती, ती तुम्ही नेलीत. आता उतरण यिनची. आणि यिन कोण, हे तर तुम्हीच ठरवलंय!"

असा हशा उसळला की सरांनाही हसू आवरेना. "जा बाई, हो पुढे!"

अर्ध्या वाटेवर मागून हाक आली, "अहो पुढचे, जरा हळू चला की!" इतकी वर्षं ही हाक आम्ही मुली मारत होतो. आज आवाज सरांचा होता.