ओढ्यापलीकडचं किर्रकिर्र

त्या राज्यात आवाज फार होते आणि अर्थ थोडे. ओढ्याच्या अलीकडे माश्या गुणगुणत, पलीकडे नाकतोडे किर्रकिर्र करत, आणि एकमेकांचं बोलणं कुणालाच कळत नसे.

अलीकडच्या काठावर सोनकी नावाची कुंभारीण माशी दव साठवायची मडकी घडवून विकायची. पलीकडून एकच गिऱ्हाईक येई, बिजा नाकतोडा. त्याला माश्यांचे चार शब्द येत. यायचा मडकी न्यायला, पण सोनकीचे हात बघत दिवसभर बसून राहायचा. एका वर्षी भलामोठा सौदा करून गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. पलीकडचं किर्रकिर्र मात्र वाढलं. 'मजेत असतील,' सोनकी मनाशी म्हणे, 'आपल्यावाचून कुणाचं अडतंय?' तरी माती मळता मळता तिची नजर ओढ्यापार जाई.

मग एका पुरात वाहत आलेला शंख काठाला लागला. जगातले आवाज ऐकून ऐकून तो बोलायला शिकला होता. भुंगेराजांनी त्याला सिंहासनाशेजारी बसवलं.

"आकाशावर आमचं राज्य कधी येणार?"

"लवकरच, महाराज," शंख म्हणाला. राजांना असंच उत्तर देतात, हे त्याने ऐकलेलं होतं.

मिरवणुका निघाल्या, ढोल वाजले. आकाश होतं तिथेच राहिलं. हळूहळू सगळे कंटाळले आणि शंख बाजाराच्या कोपऱ्यात धूळ खात पडला.

तिथे सोनकी गेली. आपला प्रश्न एवढासा, याची तिलाच लाज वाटत होती.

"शंखोबा, ते पलीकडचे काय म्हणतात हो?"

शंख बराच वेळ ऐकत राहिला. "म्हणतात, मडकी देखणी आहेत, पण तोंडं अरुंद. पाणी दिसतं, पिता येत नाही."

सोनकीचे पंख गळाले. "इतकी वर्षं हेच?"

"हेच. शेवटी आणखी एक शब्द आहे, बाई. तो 'ये' की 'जा', ते मला नक्की सांगता येत नाही."

"राजांना तर सगळं नक्की सांगत होतात!"

"तिथे खरं-खोटं बघायला कुणी जाणार नव्हतं."

सोनकी तडक ओढ्यापार उडाली.

पलीकडे तिचीच मडकी ओळीनं मांडलेली होती, दवानं काठोकाठ भरलेली. पिल्लं त्यांच्याभोवती सुकल्या ओठांनी उभी होती. सोनकीनं पहिल्या मडक्याचा काठ थुंकीनं भिजवला आणि ती त्याचं तोंड रुंद करू लागली. एका पिल्लाचं डोकं आत गेलं. घटाघट आवाज आला.

सारा काठ गप्प झाला.

तेव्हा तिला बिजा दिसला. एका गवताच्या पात्यावर तो बसला होता. एक पंख मुळापासून तुटलेला. तो फक्त पात्यावर थोडा बाजूला सरकला आणि सोनकीपुरती जागा मोकळी करून तिच्याकडे बघत राहिला.