हिरावतीला ठाऊक नव्हते ते

एका राज्यात उत्तरांना तोटा नव्हता. कोणी काही विचारावे, की समोरच्याने तत्काळ सांगावे, असा तिथला रिवाज. ठाऊक नसले म्हणून काय झाले? ‘ठाऊक नाही’ म्हणणे म्हणजे कुळाला बट्टा! राजा कनकसेन तर आभाळातल्या चांदण्यांची संख्या जेवता जेवता सांगे.

एके दिवशी वेशीवर एक मांत्रिक धावत आला. त्याच्या पत्नीला साप डसला होता.

“विषावरची मुळी कोणत्या डोंगरावर मिळेल?” त्याने विचारले.

वेशीवर सोनबा नावाचा एक नगरवासी उभा होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला! “पूर्वेच्या,” त्याने बोट दाखवले. मुळी होती पश्चिमेला. मांत्रिक रित्या हाताने परतला, तोवर पत्नी गेली होती.

त्याने शाप दिला, “न जाणता उत्तर देणारे सारे दगड होवोत!” सोनबा दगड झाला, राजाही दगड झाला, अर्धे नगरही झाले.

सोनबाची बायको हिरावती गोधड्या शिवून पोट भरी. नवऱ्याच्या दगडी हाताला धरून ती खूप रडली. तेव्हा छपरावरची साळुंकी म्हणाली, “बाई, मांत्रिक गुहेत आहे. त्याच्या तीन प्रश्नांतून जो तरेल, तो सर्वांना सोडवील. पण जपून बोल.”

हिरावती गुहेत गेली, साळुंकीही तिच्यामागे उडत गेली.

मांत्रिक म्हणाला, “मी खरा, की तुला पडलेले स्वप्न?”

“तुम्ही खरे!” ती म्हणून गेली. सवय हो, दुसरे काय! तिचे पाय गुडघ्यापर्यंत दगड झाले.

“गोधडीचा एकेक तुकडा बदलत सगळी बदलली. ती जुनीच, की नवी?”

हा तर तिचा रोजचा धंदा! “जुनीच,” ती ठसक्यात म्हणाली, आणि कंबरेपर्यंत दगड झाली. साळुंकीने कपाळावर पंख मारून घेतला.

मांत्रिकाचा आवाज खाली आला. “माणूस मरतो, तेव्हा तो कोठे जातो?”

स्वर्गात, ताऱ्यांत, वाऱ्यात... दहा उत्तरे तिच्या जिभेवर आली. समोरच्या माणसाचे डोळे तिने पाहिले, आणि एकही तिच्याने बोलवेना. लाजेने तिचे कान तापले.

“ठाऊक नाही, महाराज. तुम्हांला आहे का?”

आजवर त्याला कोणी उलट विचारले नव्हते.

“मलाही नाही,” तो म्हणाला आणि ढसढसा रडला. हिरावतीही रडली. तिचे पाय मोकळे झाले, हे तिला उशिरा कळले.

शाप फिटला. राजा सिंहासनावर बसला, दरबार भरला. चांदण्यांचे कोणी विचारले, तर राजा आता म्हणे, “बसा, मोजून पाहू.”

हिरावती घरी आली. सोनबा उंबऱ्यात उभा होता, जिवंत, धडधाकट.

“अहो, दगड होतात तेव्हा तुमचा जीव कुठे होता?”

सोनबाने तोंड उघडले, मिटले. मग तिच्या शेजारी बसून हळूच म्हणाला, “ठाऊक नाही गं.”

हिरावतीने त्याचा उबदार हात आपल्या हातात घेतला. इतके गोड उत्तर तिला त्याने उभ्या संसारात दिले नव्हते.